रस्त्यांची देखभाल व शासकीय निधी : शिर्डी परिसर

सार्वजनिक रस्त्यांची बांधणी, दुरुस्ती व सुधारणा यांसाठी लागणारा पैसा कोणी उभारावयाचा आणि रस्त्यांच्या स्थितीबद्दल उत्तरदायी कोणी राहावयाचे, यांविषयीच्या शासकीय व्यवस्थेचा इतिहास. महाराष्ट्रात ही व्यवस्था सुमारे दीडशे वर्षांत टप्प्याटप्प्याने घडत गेली. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील शिर्डी या तीर्थक्षेत्राच्या परिसरात तिचे बहुतेक सर्व टप्पे एकत्र पाहावयास मिळतात. राष्ट्रीय महामार्ग, पथकरावर चालणारा द्रुतगती महामार्ग, राज्य शासनाचे रस्ते, जिल्हा परिषदेचे ग्रामीण रस्ते आणि नगरपरिषदेचे गावातील रस्ते हे सर्व येथे काही किमी. अंतरात एकमेकांना मिळतात. या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते : नवा रस्ता बांधण्यासाठी निधीचा स्रोत व धनी दोन्ही सापडले, परंतु बांधलेला रस्ता सुस्थितीत राखण्यासाठी नेमून दिलेला स्रोत एकतर अपुरा पडला किंवा अन्यत्र वळविला गेला.

भूमी व वाहतूक : शिर्डी हे अहमदनगर–मनमाड रस्त्यावर, गोदावरी व प्रवरा या नद्यांच्या दरम्यानच्या सपाट प्रदेशात वसले आहे. अहमदनगर येथून सुमारे ८३ किमी. व मनमाडपासून सुमारे ५८ किमी. अंतरावर आहे. येथील जमीन बव्हंशी काळी व चिकण आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे रस्त्याचा पाया हलतो, साइडपट्ट्या खचतात व पृष्ठभागास तडे जातात. मुरमाचा जाड थर, पाणी वाहून नेणारे बाजूचे चर आणि पुरेशा मोऱ्या यांवाचून येथे रस्ता टिकत नाही. गोदावरी व प्रवरा कालव्यांमुळे विसाव्या शतकात बागायत वाढली आणि रस्त्यांलगतच्या जमिनीतील ओलावाही वाढला. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला; त्यानंतर परिसरात कारखानदारी फोफावली. गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या गाड्या, पुढे ट्रक व ट्रॅक्टर यांचा भार रस्त्यांवर पडू लागला. रामनवमी, गुरुपौर्णिमा व दसरा या उत्सवांना तर लाखो भाविक येतात. त्यांपैकी अनेकजण पालख्यांसह पायी चालत येतात. शेतकरी, कारखाना व यात्रेकरू या तिन्ही घटकांचा रस्ता एकच असल्याने त्याचा खर्च कोणी व किती सोसावा, हा प्रश्न येथे विशेष तीव्र होतो.

लोकल फंड व जुना पथकर : १८१८ मध्ये हा प्रदेश इंग्रजी अंमलाखाली आला. आरंभी रस्त्यांचे काम लष्करी मंडळाच्या अखत्यारीत होते व लष्करी हालचालींस उपयुक्त मार्गांकडेच लक्ष पुरविले जाई. लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत, १८५४ मध्ये, स्वतंत्र सार्वजनिक बांधकाम खाते अस्तित्वात आले. तथापि सरकारी तिजोरीतील पैसा मुख्यतः मोठ्या मार्गांवर खर्च होई. गावोगावच्या रस्त्यांसाठी मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात जमीनमहसुलावर रुपयास एक आणा उपकर बसविण्यात आला. १८६९ च्या कायद्याने त्यास अधिकृत स्वरूप मिळाले. या ‘लोकल फंडा’तील दोन तृतीयांश रक्कम रस्ते व तत्सम कामांसाठी आणि एक तृतीयांश शिक्षणासाठी राखून ठेवलेली होती. सरकारी निधीतील रस्ते आणि लोकल फंडातील रस्ते हा भेद तेव्हापासून रूढ झाला. आजच्या राज्य व जिल्हा परिषद रस्त्यांमधील भेदाचे मूळ त्यात आहे.

उपकराचा भार जमीन कसणाऱ्यावर पडे, तर रस्ता झिजविणाऱ्या मालवाहू गाड्या पुष्कळदा परगावच्या व्यापाऱ्यांच्या असत. रस्ता वापरणाऱ्याने त्याचा खर्च द्यावा, या तत्त्वावर १८७५ चा मुंबई इलाख्यातील रस्ते व पूल यांवरील पथकराचा कायदा झाला. त्यान्वये नाके उभारून गाड्या व जनावरे यांवर ठराविक दराने पथकर घेतला जाई. नाक्यांची वसुली लिलावाने मक्त्यास देण्याची पद्धत असल्याने मक्तेदाराचा नफा व रस्त्याची दुरुस्ती यांत ओढाताण होण्यास तेव्हापासूनच वाव होता.

१८७६–७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये रस्ते, तलाव व लोहमार्गाचे मातीकाम अशी दुष्काळी कामे काढण्यात आली. १८७८ मध्ये धोंड (दौंड)–मनमाड लोहमार्ग सुरू झाला. तो अहमदनगर–मनमाड रस्त्यास बराचसा समांतर असल्याने दूरच्या मालाची वाहतूक रेल्वेकडे गेली आणि स्थानकांना जोडणाऱ्या आडव्या रस्त्यांचे महत्त्व वाढले. साईबाबांच्या हयातीत (निधन १५ ऑक्टोबर १९१८) परगावचे भाविक बहुधा कोपरगाव स्थानकावर उतरून, गोदावरी ओलांडून टांग्याने शिर्डीस येत. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावास अनुसरून झालेल्या १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली आणि अशा आडव्या रस्त्यांचे दायित्व त्यांच्याकडे आले. बोर्डांचे उत्पन्न मात्र जमीनमहसुलाशी बांधलेले होते. दुष्काळी वर्षांत महसुलाला सूट मिळाली की उपकर घटे आणि दुरुस्ती लांबणीवर पडे.

पेट्रोलवरील कर व जयकर समिती : पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या. बैलगाडीच्या लोखंडी धावा आणि मोटारीचे वेगवान रबरी टायर यांमुळे खडीच्या रस्त्यांची दुहेरी झीज होऊ लागली : धावांनी खडी फुटे व टायरांनी तिच्यातील बारीक चुरा उडून जाई. १९१९ च्या सुधारणा कायद्याने रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला. परंतु प्रांत व लोकल बोर्डे यांची आर्थिक शक्ती या नव्या गरजेस पुरी पडेना. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नोव्हेंबर १९२७ मध्ये मुंबईचे बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली मध्यवर्ती विधिमंडळाची समिती नेमण्यात आली. तिने १९२८ मध्ये अहवाल सादर केला. रस्त्यांचा विकास प्रांत व स्थानिक संस्था यांच्या ऐपतीबाहेर गेला असून तो राष्ट्रीय महत्त्वाचा विषय बनला आहे व त्याचा काही भार मध्यवर्ती महसुलाने उचलला पाहिजे, असे तिचे प्रतिपादन होते. पेट्रोलवरील जकात दर गॅलनला चार आण्यांवरून सहा आणे करून वाढीव दोन आणे केवळ रस्त्यांसाठी राखून ठेवावेत, ही तिची प्रमुख शिफारस होती. तद्‍नुसार १ मार्च १९२९ पासून केंद्रीय मार्ग निधी सुरू झाला. मध्यवर्ती राखीव हिस्सा वगळता उरलेली रक्कम पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात प्रांतांना वाटली जाई. समितीच्या विचारांतूनच १९३४ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेस ही तांत्रिक संस्था स्थापन झाली.

रस्ता वापरणाऱ्याचा कर रस्त्यासाठीच राखून ठेवण्याचे तत्त्व या निधीने देशात प्रथमच प्रस्थापित केले. मात्र हा निधी प्रामुख्याने नवी बांधणी व मोठ्या सुधारणा यांसाठी होता. नित्याची दुरुस्ती प्रांत व बोर्डे यांच्याकडेच राहिली. मुंबई प्रांतात १९३५ च्या मोटारवाहन कर कायद्याने पथकराच्या जागी वाहनकराची पद्धत आली आणि बुडालेल्या उत्पन्नाबद्दल स्थानिक संस्थांना भरपाई देण्याची तरतूद झाली. नाक्यांचा जाच संपला. परंतु विशिष्ट रस्त्याची मिळकत व त्याच रस्त्याची दुरुस्ती यांतील प्रत्यक्ष संबंधही त्याबरोबर तुटला.

नागपूर योजना व वर्गीकरण : डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतांच्या व संस्थानांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथे भरली. तिच्यातून तयार झालेली वीस वर्षांची योजना ‘नागपूर योजना’ या नावाने ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक (नंतर राज्य) महामार्ग, प्रमुख जिल्हा रस्ते, इतर जिल्हा रस्ते व ग्रामीण रस्ते, असे रस्त्यांचे वर्गीकरण तिने केले. हे वर्गीकरण केवळ तांत्रिक नव्हते; प्रत्येक वर्गाबरोबर पैसा कोणी द्यावयाचा हेही ठरत गेले. १ एप्रिल १९४७ पासून राष्ट्रीय महामार्गांचा खर्च केंद्राने स्वीकारला. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय महामार्ग संघसूचीत व अन्य रस्ते राज्यसूचीत आले. वाहनांवरील कर व पथकर यांचे अधिकारही राज्यांना मिळाले. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ मध्ये संमत झाला. अहमदनगर–मनमाड रस्ता पुढील अनेक दशके राज्य महामार्ग होता. त्याची बांधणी व दुरुस्ती राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे होती.

याच काळात प्रवासी वाहतुकीचे स्वरूप बदलले. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी अहमदनगर–पुणे मार्गावर धावली. एस. टी.मुळे खेडोपाडी पक्क्या रस्त्यांची मागणी वाढली. १९५८ चा मोटारवाहन कर कायदा आणि त्याच वर्षीचा उतारू कराचा कायदा यांतून राज्यास मोठे उत्पन्न मिळू लागले. ते राज्याच्या सर्वसाधारण महसुलात जमा होत असल्याने त्यातील किती भाग रस्त्यांवर खर्चावा, हे दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर अवलंबून राहिले.

जिल्हा परिषद व रोजगार हमी : महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि लोकल बोर्डांचे रस्ते त्यांच्याकडे आले. सामान्यतः राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा रस्ते व ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, अशी वाटणी रूढ झाली. परिषदांना शासकीय अनुदान मिळे. परंतु रस्त्यांची लांबी ज्या वेगाने वाढली त्या वेगाने दुरुस्तीचे अनुदान वाढले नाही.

१९७२ च्या दुष्काळात अहमदनगर जिल्ह्यात हजारो मजुरांनी खडी फोडण्याची व रस्त्यांच्या मातीकामाची कामे केली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना त्यानंतर राज्यभर विस्तारली. १९७५ पासून व्यवसाय कर तिच्यासाठी लावण्यात आला. १९७७ च्या अधिनियमाची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९ पासून झाली. या योजनेत खर्चाचा मोठा भाग अकुशल मजुरीवर व्हावा असा दंडक असल्याने मातीकाम व खडीकरण होई. मोऱ्या, रूळ फिरविणे व डांबरीकरण यांसाठी मात्र दुसऱ्या निधीची वाट पाहावी लागे. परिणामतः अर्धवट अवस्थेतील अनेक रस्ते एक-दोन पावसाळ्यांत उखडले. मजुराच्या पोटाची सोय करणारी योजना म्हणून तिचे मोल निर्विवाद आहे. रस्त्याच्या देखभालीचा स्रोत म्हणून ती योजलेलीच नव्हती.

देखभालीची यंत्रणा व लेखाशीर्षे : पूर्वी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्यांवर ठराविक अंतरासाठी मैलकुली नेमलेला असे. चर साफ करणे, साइडपट्टीवर मुरूम टाकणे, लहान खड्डा दिसताच बुजविणे, मोरीचे तोंड मोकळे ठेवणे ही त्याची नित्याची कामे होत. काळ्या मातीच्या प्रदेशात या क्षुल्लक वाटणाऱ्या कामांवरच रस्त्याचे आयुष्य अवलंबून असते. कारण तड्यातून शिरलेले पाणी खालची माती फुगविते आणि मग वरचा थर कितीही जाड असला तरी तो फुटतो. कालांतराने या पदांवरील भरती कमी होत गेली व देखभाल कंत्राटांकडे वळली. कंत्राट वर्षातून एकदा निघते. खड्डा मात्र पहिल्याच मोठ्या पावसात पडतो.

शासकीय हिशेबपद्धतीत रस्ते व पूल यांवरील महसुली खर्च ३०५४ व भांडवली खर्च ५०५४ या मुख्य लेखाशीर्षांखाली दाखविला जातो. देखभाल व दुरुस्ती पहिल्यात, नवी बांधणी दुसऱ्यात येते. नियोजनकाळात नवी कामे ‘योजनांतर्गत’ व दुरुस्ती ‘योजनेतर’ मानली जाई. काटकसरीची वेळ आली की योजनेतर खर्चास प्रथम कात्री लागे. हा भेद २०१७-१८ पासून अंदाजपत्रकातून काढून टाकण्यात आला. पण भूमिपूजन नव्या कामाचे होते, दुरुस्तीचे होत नाही, ही प्रवृत्ती त्याने बदलली नाही. बाराव्या वित्त आयोगाने रस्ते व पूल यांच्या देखभालीसाठी राज्यांना चार वर्षांकरिता एकूण रु. १५,००० कोटींचे स्वतंत्र अनुदान सुचविले, यावरून ही उणीव देशव्यापी असल्याचे दिसते. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बांधणीच्या कंत्राटातच पाच वर्षांच्या देखभालीचा अंतर्भाव करण्यात आला. हा या दोषावरील महत्त्वाचा उपाय होय.

पथकराचे पुनरागमन : १९९० नंतर शासकीय निधीच्या तुटवड्यामुळे खाजगी गुंतवणुकीचा मार्ग स्वीकारण्यात आला. ‘बांधा, वापरा व हस्तांतरित करा’ या तत्त्वावर उद्योजकाने रस्ता बांधावा, ठराविक मुदतीत पथकर वसूल करावा व तोपर्यंत देखभाल करावी, अशी ही पद्धत आहे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ १९९६ मध्ये स्थापन झाले. पथकराविरुद्ध जनमत प्रक्षुब्ध झाल्यावर राज्य शासनाने २०१५ मध्ये १२ नाके कायमचे बंद केले व ५३ नाक्यांवर मोटारी व एस. टी. बस यांना सूट दिली. नाका बंद झाल्याने वाहनचालकाचा भार हलका झाला. देखभालीचा भार मात्र नाहीसा झाला नाही, तो पुन्हा सर्वसाधारण महसुलावर आला.

अहमदनगर–कोपरगाव रस्त्याचे चौपदरीकरणही पथकराच्या करारानेच हाती घेण्यात आले. पुढे हा मार्ग राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित झाला : अहमदनगर–शिर्डी–सिन्नर हा भाग क्र. १६० मध्ये, तर सावळीविहीर–कोपरगाव–येवला–मनमाड हा भाग क्र. ७५२ जी मध्ये मोडतो. धनी बदलण्याच्या अशा संक्रमणकाळातच रस्त्याची सर्वाधिक आबाळ होते. जुना करारदार मोठी दुरुस्ती टाळतो, राज्याचे लेखाशीर्ष बंद होते आणि केंद्राची मंजुरी येईपर्यंत पावसाळे उलटतात. अहमदनगर–शिर्डी टप्प्यातील खड्डे व अपघात हा दीर्घकाळ जनक्षोभाचा विषय राहिला. जिल्ह्यातील रस्त्यांच्या दुरवस्थेविरुद्ध डिसेंबर २०२२ मध्ये लोकप्रतिनिधीने उपोषणही केले.

त्याच महिन्यात, ११ डिसेंबर २०२२ रोजी, मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा ५२० किमी.चा पहिला टप्पा खुला झाला. शिर्डी–भरवीर हा ८० किमी.चा टप्पा २६ मे २०२३ रोजी व इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू होऊन ७०१ किमी.चा मार्ग पूर्ण झाला. तो रस्ते विकास महामंडळाच्या ताब्यात आहे. प्रारंभी मोटारीसाठी दर किमी.ला रु. १·७३ पथकर होता. या मार्गाने वेगाने आलेले वाहन शिर्डीच्या उतरणमार्गावर बाहेर पडताच जुन्या रस्त्यांवर येते. एका प्रवासात त्याच प्रवाशास पथकराने राखलेला व अंदाजपत्रकावर विसंबलेला, असे दोन्ही प्रकारचे रस्ते अनुभवास येतात.

नगरपरिषद व संस्थान : शिर्डीच्या वस्तीतील रस्त्यांची जबाबदारी प्रथम ग्रामपंचायत, नंतर नगरपंचायत व त्यापुढे नगरपरिषद अशी बदलत गेली. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ अन्वये सार्वजनिक रस्ते बांधणे व सुस्थितीत ठेवणे हे नगरपरिषदेचे अनिवार्य कर्तव्य आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शिर्डीची लोकसंख्या सुमारे ३६ हजार होती. उत्सवकाळी मात्र याच्या अनेक पटींनी माणसे गावात असतात. करदाते थोडे व रस्ता वापरणारे अगणित, ही तीर्थक्षेत्रांची जुनी अडचण होय. पंढरपूर येथे नगरपालिका पूर्वी यात्रेकरूंकडून कर घेत असे. १९६५ च्या अधिनियमातही असा कर ऐच्छिक करांत समाविष्ट आहे. तथापि दर्शनास येणाऱ्या गरिबाकडून कर घेणे लोकभावनेस रुचत नाही. म्हणून अशी गावे शासनाच्या विशेष अनुदानाकडे पाहतात.

शिर्डीत आणखी एक स्रोत सुचविला जातो, तो म्हणजे श्री साईबाबा संस्थानचा निधी. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थानचा कारभार २००४ च्या स्वतंत्र अधिनियमानुसार राज्य शासनाने नेमलेल्या समितीकडे सोपविण्यात आला. १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेल्या काकडी येथील विमानतळासाठी संस्थानने आर्थिक साहाय्य दिले. भाविकांच्या सोयीसाठी रस्त्यांवर हा पैसा खर्चावा, असा एक पक्ष आहे. तर भाविकाने श्रद्धेने अर्पण केलेले द्रव्य शासनाच्या वैधानिक कर्तव्याची उणीव भरून काढण्यासाठी नाही, असा दुसरा. निधीच्या विनियोगाचे प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे वेळोवेळी आले आहेत. साहाय्य व जबाबदारी यांत फरक केला पाहिजे : संस्थानने एखाद्या कामास पैसा दिला, तरी त्या रस्त्याचा कायदेशीर धनी बदलत नाही.

उत्तरदायित्व : १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी रस्ते हा विषय पंचायती व नगरपालिका यांच्या अनुसूचींत घातला. खड्डेमुक्त, सुस्थितीतील रस्ता मिळणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटारवाहन अधिनियमात १९८ क हे कलम आले. सुरक्षिततेचे मानदंड न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरण किंवा कंत्राटदार यांस रु. एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झालेल्यांच्या वारसांस रु. सहा लाख भरपाई देण्याचा आदेश दिला. रस्त्याची दुरुस्ती ही शासनाच्या सवडीची बाब नसून नागरिकाचा हक्क आहे, हा दृष्टिकोन या निर्णयांनी दृढ केला.

रुपयामागील एक आणा, जुन्या नाक्याचा पथकर, गॅलनमागील दोन आणे, वाहनकर, व्यवसाय कर व नवा पथकर या सर्व उपायांनी महाराष्ट्रात रस्त्यांचे विस्तृत जाळे निर्माण केले. मात्र प्रत्येक उपायाने पैसा कोठून आणावा याचे उत्तर जितके नेमके दिले, तितके पुढच्या पावसाळ्यानंतर तो रस्ता कोण पाहणार याचे दिले नाही. शिर्डीसारख्या ठिकाणी, जेथे पाच यंत्रणांच्या हद्दी लागून आहेत, तेथे प्रत्येक रस्त्याचा धनी, त्याच्या देखभालीची वार्षिक तरतूद व कंत्राटातील दोषदायित्वाची मुदत ही माहिती रस्त्यालगतच्या फलकावर उपलब्ध असणे इष्ट आहे. पायी चालत येणाऱ्या भाविकास रस्त्याचा वर्ग व क्रमांक ठाऊक नसतो. त्याच्या दृष्टीने शिर्डीचा रस्ता हा एकच आहे.